पठारावर माणूस नाही

गारा थांबवता येत नसत, फक्त दुसरीकडे ढकलता येत. खोऱ्यात काढलेला कांदा उघड्यावर होता, तीन लग्नांचे मांडव होते. वरच्या पठारावर मात्र सकाळच्या मोजणीत एकही माणूस नव्हता. हवामान केंद्रातल्या वत्सला देवरेंनी ढग पठाराकडे वळवला.

ढग पठारावर पोचत आला, तेवढ्यात केंद्रातला फोन वाजला. "बाई, बिरा येडगे बोलतोय, पठारावरनं. आभाळ एकाएकी काळं झालंय. संगं मेंढरं हायती, लेकरं हायती."

ढग परत फिरवायला चाळीस मिनिटं लागत. गारा दहा मिनिटांवर होत्या.

"जवळ आडोसा आहे का काही?"

"न्हाई."

"अहो, मग वर गेलातच कशाला?" वत्सलाबाई ओरडल्याच.

"सकाळी रेडिओवर तुमीच सांगितलं न्हवं," बिरा म्हणाला, "खोरं तापंल, डोंगरावर बरं राहील म्हणून?"