वासराचं दावं

तापकिगेन आजींनी नवं कोरं दावं चुमोच्या ऑफिसातल्या टेबलावर टाकलं. वासरासाठी वळलेलं होतं.

"माझी सामो गाय गाभडली," त्या म्हणाल्या. "सातवा महिना होता. तुमचा निरोप आला, मी माझ्या हाताने औषध पाजलं."

चुमोचं ऑफिस डेअरीच्या वतीने घरोघरच्या फोनवर गाईंच्या औषधांचे निरोप धाडायचं. त्याने चहा मागवला आणि समजूत काढायला घेतली. यंत्र आहे, कधी चुकतं. शिवाय आजींना नीट वाचता आलं नसेल. आजींनी फोन पुढे सरकवला. त्यात सामोचंच नाव होतं. औषध होतं त्यांच्या दुसऱ्या गाईसाठी, भाकड चेलेलसाठी; गाभण गाईला ते चालत नव्हतं.

बाजूला बसलेल्या प्रोग्रामर जेरोनोचं डोकं तापलं. निरोप धाडणारं फंक्शन, प्रोग्रामचा तो तुकडा, तिनेच लिहिलं होतं. जावास्क्रिप्टमधलं फंक्शन जो हाक मारील त्यालाच आपला धनी मानतं. म्हणून तिने प्रत्येक निरोप 'बाइंड' लावून त्या त्या गाईला बांधला होता. गेल्या आठवड्यात चुमोने नेमकं तेवढंच खोडलं. "काय गं ही शेपटं? यांच्यावाचून अडत नाही," असं चारचौघांत हसून म्हणाला. अडलंही नाही. औषधाचं नाव बरोबर गेलं, मात्रा बरोबर, तारीख बरोबर. फक्त गाय सुटली, आणि निरोपाने घराच्या नोंदीतली पहिली गाय धरली.

"उद्या सकाळी चारशे घरांना निरोप जातायत," जेरोनो म्हणाली. "ते थांबवा, सर."

चुमोने आवाज खाली आणला. आज थांबवलं तर डेअरीवाले कारण विचारतील, पुढच्या आठवड्यात गुपचूप बघू, असं त्याचं म्हणणं.

जेरोनोने स्क्रीन आजींकडे वळवली. "आजी, इथे प्रत्येक गाय बांधलेली होती. यांनी सोडली. मी बघितलं आणि गप्प बसले."

आजींना स्क्रीनवरचं काही कळलं नाही. चहा आला. त्यांनी कप चुमोपुढे ढकलला.

"यात दूध कुठल्या गाईचं आहे? नाव सांग."

चुमो कपाकडे न बघता उठला. आपला फोन उचलून बाहेर निघाला. त्याच्या आधी आजींनी स्टूल ओढून दारात ठेवलं आणि दावं मांडीवर घेऊन बसल्या.

"बांध गं सगळ्या," त्या जेरोनोला म्हणाल्या. "एकेकीचं नाव मोठ्याने घे. याला ऐकू दे."