मावशीचा बल्ब

मावशीच्या घरापर्यंत वीज आलेली नाही. तिच्या सोलरचं पॅनल, कंट्रोलर, बॅटरी, सगळं मीच निवडून जोडलं. धंदाच आहे माझा. तरी वर्षात दोन बॅटऱ्या बसल्या; दुसरी तर मी तपासायला आलो तेव्हाच कळली. दोन्ही वेळा मी तिच्यावरच डाफरलो, "रात्रभर दिवा जाळत बसतेस, मग बॅटरी टिकेल कशी?"

"चुकलंच रे माझं," दोन्ही वेळा ती एवढंच म्हणाली.

आज तिसरी बॅटरी जोडताना चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर नीट पाहिला. त्यात बॅटरीचा प्रकार मीच चुकीचा टाकला होता. बॅटऱ्या जास्त चार्ज होऊन मेल्या होत्या. मी गुपचूप सेटिंग बदललं आणि ऐटीत म्हणालो, "मावशी, लाव बघू दिवा."

 

तिनं फळीवरच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेला बल्ब काढला. "थांब हं, तू पहिल्यांदा रागावलास ना, तेव्हापासून काढूनच ठेवलाय."