अभेद्य लॅपटॉप

"आता कुठलाही हॅकर यात शिरून दाखवू दे!" नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून झाल्यावर लॅपटॉपमधून पेनड्राइव्ह उपसत भार्गवनं बायकोला, हेमांगीला बजावलं.

स्वतःचं ॲप बनवायचं म्हणून त्यानं नोकरी सोडली, त्याला वर्ष होत आलं होतं. ॲपचं कुठवर आलं, हे विचारायची सोय नव्हती. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र दर पंधरवड्याला बदलत होती. एक सुरक्षित नव्हती, दुसरी भरवशाची नव्हती आणि तिसरी म्हणे अडाण्यांसाठी होती. ती अडाण्यांची हेमांगीच्या लॅपटॉपवर होती. त्याच खटाऱ्यावर ती चार दुकानदारांचा जीएसटी भरायची आणि घर चालवायची.

"किती कुलपं ठोकलीस रे," तिनं कामातून मान वर न काढता विचारलं, "पण चोर आत शिरलाच, तर नेणार काय?"

"काय म्हणजे? माझं ॲप!" त्यानं तावातावानं ॲपचं फोल्डर उघडलं. आत एकही फाइल नव्हती. त्या पांढऱ्या चौकटीकडे बघताना त्याचा चेहरा पडला, आणि मग एकदम उजळला.

"बघितलंस? या सिस्टीमवर मुळी कामच होत नाही!" म्हणत त्यानं पेनड्राइव्ह परत खुपसला.