टाकीत सोडलेलं मीठ

“उतरवलेलं मीठ चुलीत टाकजो बाई, साठल्या पाण्यात नको टाकू,” सासू गयाबाई बजावत होत्या. दामिनी नुसती हसली. बी.एस्सी. झालेली ती, गॅसवर मीठ कुठं जाळत बसायचं? वर्षभराच्या लेकीची, शर्वीची दृष्ट काढून झाल्यावर मिठाची मूठ तिनं सरळ समुद्री माशांच्या टाकीत सोडली. “आई, ते पाणी खारंच असते!”

दिवसदिवस रडणारी शर्वी त्या घटकेपासून रडायचीच थांबली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी टाकी बघता बघता दुधासारखी गढूळ झाली. मासे दिसेनात. दामिनीनं ओढणी कमरेला बांधली, फिल्टर धुतला, निम्मं पाणी उपसलं आणि नवं खारं पाणी हळूहळू ओतलं. मग खिदळणाऱ्या शर्वीला कडेवर घेऊन ती काचेसमोर उभी राहिली.

“आई, या लवकर! साफ होऊन राह्यलं!” आनंदानं तिचा आवाज चिरकला.

आधी तळाचे दगड दिसले, मग पिवळा मासा. मग सगळेच दिसले. काचेवरच्या एकाच जागेकडे तोंड करून ते थांबले होते. तिथं दामिनीचं प्रतिबिंब होतं, कडेवर शर्वी.

“झालं काय वं साफ?” गयाबाई मागून म्हणाल्या.

दामिनीनं काचेकडे बोट केलं. कडेवरची शर्वी टाळ्या पिटत होती. काचेतली शर्वी तोंड वासून रडत होती, दोन्ही हात बाहेरच्या दामिनीकडे पसरून.

तुमच्या घरचं लेकरू आत्ता शहाण्यासारखं हसत-खेळत असेल. तरी उठा, त्याला उचला आणि एकदा आरशासमोर नेऊन बघा.