डावी टाच

जुईने एक पट्टा लोंढे सरांच्या कमरेला बांधला, दुसरा स्वतःच्या. एकाच्या अंगातली हालचाल दुसऱ्याच्या अंगात उतरवणारे हे पट्टे; अकरा वर्षांपूर्वी यांतूनच सरांची बैठक तिच्या अंगात उतरली होती. खांद्यावर वजन घेऊन खाली बसून उठायचं कसं, हे तिला एकाच दुपारी जमलं. बैठकीसोबत सरांची खोडही आली, उठताना डावी टाच जराशी उचलायची. बाकीच्या पोरींनी ती पट्ट्यानेच पुसून घेतली. जुईला काही ती पुसवेना. त्यापायी पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत दोन पदकं गेली आणि सरांची बोलणी रोजच खाल्ली.

आता अर्धांगाच्या झटक्याने सरांचं शरीर उठणंच विसरलं होतं.

"तुमचंच आहे सर, परत घ्या. माझ्याबरोबर उठा."

"अगं, पडलो म्हणजे?"

"दोनशे किलो घेऊन उठते मी. तुम्ही जेमतेम साठ भराल."

सर हसले. जुई उठली, तसे तेही खुर्ची सोडून थरथरत उभे राहिले. उभे राहताच त्यांची नजर सवयीने तिच्या पायांकडे गेली.

"जुई, टाच!" ते खेकसले.

"हो, सर."

दोघांच्याही डाव्या टाचा वरच होत्या.