दप्तरातली गोळी

भिंगरीच्या पेन्सिलींना टोक करायचं म्हणून आईने दप्तरातलं पाकीट टेबलावर उलटं केलं, तर खोडरबराच्या तुकड्यांबरोबर एक गोळी घरंगळत आली. चघळायची नव्हे, औषधाची. पेन्सिलीची पूड लागून काळपट झालेली.

आईच्या काळजात धस्स झालं. सात वर्षांच्या पोरीच्या दप्तरात ही आली कुठून? कोणी दिली? आणि अशा किती पोटात गेल्या? भिंगरी आतल्या खोलीत आबांशी पत्ते खेळत होती. ती बिनदिक्कत लबाडी करत होती आणि आबा बिनतक्रार हरत होते. आईने दारातूनच तिचा चेहरा निरखून घेतला. पोरगी ठणठणीत दिसत होती. तरीही आई पायात चपला सरकवून औषधाच्या दुकानाकडे धावली.

दुकानदाराने गोळी कागदावर घेतली, कापसाने पुसली, चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांजवळ नेली. मधली रेघ आणि कडेची अक्षरं दिसली तसा तो हसायलाच लागला.

“हसताय काय? माझा इथे जीव टांगणीला लागलाय!”

“वहिनी, ही तुमच्या सासऱ्यांची झोपेची गोळी. मीच देतो की दर महिन्याला. तरीच परवा आबा येऊन मला वाटेल ते बोलून गेले! म्हणे गोळ्या बनावट आहेत, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.”

आईचा जीव भांड्यात पडला. पण घराकडे वळल्यावर तिचा पारा चढत गेला. रात्रीच्या गोळ्या काढून द्यायचं काम भिंगरीचं. आबांनी तिला हौसेने कंपाउंडर नेमलं होतं. ती गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि आबा डोळे मिटून सगळ्या एकदम तोंडात टाकायचे, कारण गोळ्या नुसत्या बघितल्या तरी त्यांना मळमळायचं. त्यातली एक कमी आहे हे त्यांना कळणार कसं? बिचारे रात्रभर येरझारा घालत होते आणि ही बया खुशाल गोळ्या लपवत होती.

घरी आल्या आल्या आईने गोळी पत्त्यांच्या मधोमध ठेवली. “ही काय भानगड आहे?”

भिंगरीने हातातले पत्ते छातीशी धरले. आबा गोळीकडे वाकून बघायला लागले, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

“झोपेची आहे ती,” भिंगरी पुटपुटली. “वरच्या मजल्यावरचे आजोबा झोपले ते उठलेच नाहीत. तूच म्हणालीस ना काकूंना, झोपेत गेले, किती चांगलं मरण आलं म्हणून.” तिचा आवाज चिरका झाला. “मला नकोय आबांना चांगलं मरण!”

जिन्यात उभं राहून सहज बोललेलं ते वाक्य आईला आठवलं. तेव्हा भिंगरी शेजारी दोरीवरच्या उड्या मारत होती. ती आपल्याच नादात आहे, असं आईला वाटलं होतं. रागवायला म्हणून आलेली आई मटकन खाली बसली.

“हात्तिच्या!” म्हणून आबा हसले, पण ते हसू काही पुरतं बाहेर आलं नाही. त्यांनी नातीला ओढून मांडीवर घेतलं. “म्हणून मला जागत ठेवलंस होय गं, लबाडे? बरं, ऐक. आजपासून गोळी आई देईल. तुला बढती. तू सकाळी येऊन मला उठवायचं.”

“आणि नाही उठलात तर?”

आबांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. “तर आईला हाक मारायची. पण आधी मला मारायची. चांगली मोठ्यांदा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन आबांच्या खोलीत गेली. ते केव्हाचे उठून पलंगावर बसले होते. चेहरा चांगला ताजातवाना दिसत होता.

“कप तिकडे झाकून ठेव, सूनबाई,” ते हळूच म्हणाले. “मी अजून उठलेलो नाही.”

इतक्यात बाहेर इवली पावलं वाजली आणि दाराशी येऊन थबकली. दार ढकलायचा काही तिला धीर होईना. आबांनी घाईघाईने आडवं होऊन पांघरूण ओढून घेतलं, डोळे घट्ट मिटले आणि सगळं घर दणाणेल असं घोरायला लागले.