टाकीमागचं पाकीट

जुळ्यांच्या बाळंतपणानंतर पोटावर लोंबत राहिलेली कातडी आज कापायची होती. सर्जननी तिला उभं करून पोटावर पेनाने रेघा आखल्या आणि आखता आखता पुन्हा विचारलं, "सिगारेट वगैरे नाही ना? महिनाभर आधीपासून बंद लागते. नाहीतर रक्त पोचत नाही, कातडी काळी पडते, टाके उसवतात."

"नाही," ती म्हणाली. तिच्या कानातली मुठीत धरून सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, दुसरं काय म्हणणार?

कालच तिने गच्चीवर टाकीमागे उभं राहून एक ओढली होती. स्ट्रेचरवर पडल्यावर काळी पडते, काळी पडते, एवढंच डोक्यात घुमत होतं. ऑपरेशन थिएटरचं दार आलं तरी जीभ उचलेना.

"डॉक्टर, थांबा," मागून सासूबाई म्हणाल्या. "ही ओढते. कालसुद्धा ओढली."

तिने डोळे गच्च मिटले. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

सासूबाई तिच्या कानाशी वाकल्या. "टाकीमागच्या पाकिटातली रोज एक मी घेते. काल एकच उरली होती, ती तू ओढलीस."